भरल्या गाडीचं माप

अण्णा, चाकांचं माप घ्यायचं ते गाडी रिकामी करूनच, हे तुम्ही माझ्या डोक्यात इतकं ठोकून बसवलंत की त्यापायी मी एका भल्या माणसाचे दोन नवे टायर वाया घालवले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, लढाई होऊन गेली, राज्य बदललं, पण तुमचा नियम काही दुकानातून हलला नाही. मिठाच्या लॉऱ्यांना तो बरोबरच होता. एका अंगाला पोती जास्त, एका अंगाला कमी, भरल्या लॉरीचं माप दर खेपेला वेगळं यायचं. पण सगळं जग म्हणजे मिठाची लॉरी नव्हे, एवढं सांगायचं तुमच्याकडून राहिलंच.

कोपरीच्या आपल्या दुकानात आता एक डॉक्टर येतो. दोघांपुरतीच बसायची, जमिनीला पोट लावून पळणारी मोटार आहे त्याची. मायदेशी जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. तिचे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनं पार गेलेले, बाहेरून कोरे करकरीत. मी खाली बसून हात फिरवला. आतून बाहेर नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला तर करवतीसारखा टोचतोय. म्हणजे चाकांची तोंडं पुढून फाकलेली, सरळ न लोळता रस्त्याला घासत चाललेली. ही हाताची खूण तुमचीच. मी लहान आहे, चुलीपाशी पाट्यावर चटणी वाटतेय, आणि तुम्ही भरल्या पानावरून उठून येता, डाव्या हातानं माझं मनगट धरता. पाटा झिजून गुळगुळीत झालाय का, टाकी लावून घ्यायला हवी का, विचारता. मी वाकून बघते आणि नाही म्हणते. “डोळ्यांनी काय बघतेस गाढवे, हात फिरव.” आई करवादते, पोरीला हे शिकवून कुठे द्यायचीय म्हणून, आणि तुम्ही हसत हसत परत पानावर जाता.

तर चाकं फाकलीत हे कळलं. मग तुमच्या नियमानं डॉक्टरला खाली उतरवलं आणि बांबूची काठी नि खडू घेऊन दोन चाकांमधलं अंतर पुढून किती, मागून किती ते बघितलं. थोडंसंच चुकलेलं. धाकट्या भावानं चाकांना जोडणारा दांडा फिरवून ते चोख केलं, नवे टायर चढवले. महिन्याभरात डॉक्टर परत दारात, टायर पुन्हा आतून खाल्लेले. तो ओरडला नाही. तुमच्या काठीला चष्मा लागला वाटतं बाई, एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं.

त्या दिवशी गाडीत त्याची आई होती. दर आठवड्याला तो तिला कल्याणला लेकीकडे नेतो, एरवीही शेजारची जागा रिकामी नसते. बाई अंगानं भरभक्कम. मी म्हटलं, आई, जरा उतरता का.

“या खड्ड्यातून मला वर काढायला दोन माणसं लागतात. तू आपली माझ्यासकट मोज.”

राग आला, पण मोजलं. डॉक्टरही आपल्या जागी बसलेलाच. आणि अण्णा, मागच्या अंतराला चोख बसलेली काठी पुढे पुरेना. पुढून अर्धं बोट जास्त. माणसं बसली की ही गाडी पुढून दबते, आणि दबली की चाकं फाकतात. लॉरीच्या दोन चाकांमधला आस सरळसोट, तिथे हे होत नाही, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही. दोघांना बसवूनच दांडा फिरवला. शीळफाट्याच्या रस्त्यानं कितीतरी फेऱ्या झाल्यात त्यानंतर, टायर सगळ्या अंगानं सारखा झिजतोय. गाडी आली की मी काही काम नसताना हात फिरवून बघते. फार बरं वाटतं.

आता खरं विचारायचं ते. या रविवारी जुहूला विमानाच्या मैदानावर मोटारींची शर्यत आहे आणि डॉक्टर ही गाडी त्यात पळवणार. काल डॉक्टरच्या आई पुन्हा आल्या, उतरल्या नाहीतच, बसल्या जागेवरून मला म्हणाल्या, “रविवारी माझी जागा रिकामी. मग तुझं माप कोणाला धरून? मला एकच मुलगा आहे गं.”

मला हे सुचलं नव्हतं. एकटा बसला तर गाडी कमी दबणार, चाकांची तोंडं आत वळणार, आणि त्या वेगात घासून टायर तापला, फुटला, तर? भाऊ म्हणतो, अण्णांचा नियम आहे, रिकामी करून घे. म्हटलं, अरे, मग चालवणार कोण, भूत?

आज दुपारी डॉक्टरला एकट्याला बसवलं, पेट्रोल काठोकाठ भरायला लावलं आणि तसं माप घेतलं. दांडाही फिरवून झाला. तो उतरायच्या आधी उगाच पुन्हा एकदा काठी लावून बघितली. गाडी माझ्यासमोर उभी आहे आणि काम चोख झालंय असं माझं मन सांगतंय.

तिसरी धड न झालेल्या बाईनं एवढं लिहिलं, पण पाकीट आणलेलं नाही, आणून तरी पत्ता काय घालू. मागच्या खेपेला तुमचा नियम मोडला तेव्हा नुसता टायर होता, या खेपेला माणूस आहे. शनिवारी संध्याकाळी तो गाडी न्यायला येईल. चुकलं असेल तर शनिवारी दुपारपर्यंत कळवा. बरोबर असेल तरी कळवा. गप्प बसलात तर मी त्याला हो धरणार नाही.