नथ उजवीकडे

तोआ पायोह, सिंगापूर
११ जुलै २००६

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार. ताईचं लग्न छान पार पडलं असेल. भाऊ नाही म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मानही तुलाच मिळाला असेल. मान तुझ्याकडे चालत येतात.

मी मजेत आहे. तुझ्या तुळशीला रोज पाणी घालते.

भुताच्या सिनेमासाठी आपल्या दोघींतून तुझं पोस्टर निवडलं, हे आपले साहेब मिस्टर लिम यांनी फोनवर सांगितलंच असेल. पण त्यांना सगळं ठाऊक नाही.

निशिकांत सर आईंना घेऊन आले होते. दिग्दर्शक झाले, जन्म इथला, तरी आईला विचारल्याशिवाय पान हलत नाही. माझं पोस्टर आधी लावलं. नऊवारीचा काष्टा, मुंडावळ्या, हिरवा चुडा, सगळं बिनचूक. तीन आठवडे खपले होते त्यावर. सर म्हणाले, "सुंदर. पण लग्नपत्रिका वाटते." मिस्टर लिम हसले. मीही हसले.

मग तुझं. बंद फ्लॅट, डावीकडे खिडकी, मधोमध नवरी. आई चष्मा पुसून जवळ गेल्या.

"अगं बाई! पदर उजव्या खांद्यावर? गुजरातीण म्हणावी तर नथ आपली, आणि तीही उजव्या नाकपुडीत! ही कोण रे, निशी?"

आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

"आई घाबरली! झालं काम!" सरांनी टेबलावर थापच मारली.

मिस्टर लिमना नथ-पदर काय कळणार? पण तेही आपल्या नेहमीच्या 'लाह'सकट म्हणाले, "विंडो लेफ्टला, चेहऱ्यावर लाइट राइटकडून. समथिंग राँग, लाह. व्हेरी गुड!"

दिवसभर ऑफिसात एकच वाक्य. अनघाला भीती कळते.

अनघा, तुझ्या फाइलमध्ये नथ डावीकडेच होती.

एअरपोर्टला निघताना तू म्हणालीस, "उल्के, तेवढं प्रिंट काढून दे गं." मी फाइल उघडली. इतकं चांगलं होतं की मी शेजारची माझी फाइल बंद करून टाकली. तुझे बाबा चित्रकलेचे शिक्षक, तू रंगांत वाढलीस. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मनापासून कष्ट केले की बाकीचं आपोआप येतं, असं मला अगदी खरं वाटायचं. तुला ते न खपता येतं.

खोली, खिडकी तशीच ठेवून मी फक्त नवरीचा लेयर निवडला आणि आरशातल्यासारखा उलटा केला. एक क्लिक. सरांच्या आई येणार हे मला माहीत होतं. वाटलं, त्या हसतील. म्हणतील, मराठी मुलगी आणि नथ कुठे घालतात तेही कळत नाही?

हसलं कोणीच नाही.

ईमेल तीनदा लिहून पुसला, म्हणून हे पत्र. छपाई महिनाअखेरीला आहे. तुझी मूळ फाइल जशीच्या तशी ठेवली आहे. हे पत्र पेटीत टाकून मी सरळ मिस्टर लिमच्या केबिनमध्ये जाणार आहे. काय केलं ते सांगेन, आणि कोणतं छापायचं ते अनघाला विचारा म्हणेन. पुढे ते मला ठेवोत किंवा काढोत.

मी तुझी माफी मागते. पण मागतानाही मत्सर जात नाही गं. तू नवरी सुलटी छापलीस तर मला वाईट वाटेल. उलटी छापलीस तर त्याहून जास्त. त्या पोस्टरमधलं सगळं तुझं आहे, भीती तेवढी माझी.

उल्का