बाकाची दोन टोकं

माझ्या धाकटीस थोरलीचा प्रभूमध्ये सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझ्या लक्षात नसेल म्हणून सांगते, तुला एक सख्खी थोरली बहीण आहे. लहानपणी तुझ्या डोक्यातल्या उवा काढायची, तीच मी. तुझे गुडघे कसे आहेत? माझे कुरकुर करतात, पण माझं ऐकत नाहीत. (मी सांगते, सूनबाई लिहिते. मधेच तोंड दाबून हसते, तिथे अक्षर वाकडं आलं तर समजून घे.)

तर, तुमच्या पंथाच्या इथल्या चर्चचं छप्पर नवं घालताहेत, म्हणून ते होईपर्यंत ती सगळी मंडळी आमच्या चर्चमध्ये येते. तू लग्न करून तिकडची झालीस, तेव्हापासून माहेरी आलीस तरी रविवारी तू एका वाटेनं, मी दुसऱ्या. मला वाटलं, आता तरी डोळे मिटायच्या आत एकदा तुझ्या शेजारी बसून गाईन. (तू बेसूर गातेस, ते मी सोसीन.)

पण पुढं कोण, मागं कोण यावरूनच धुसफूस. शेवटी पाळकांनी तोडगा काढला: प्रत्येक बाकाचा खिडकीकडचा अर्धा भाग आमचा, दाराकडचा त्यांचा. (पाळक बिचारे उपासनाभर उभे, त्यांना बाकाचं काय ठाऊक?) आमची बाकं म्हणजे लांबच लांब फळी आणि पाय मधोमध, जवळजवळ. त्यात तुमचे लोक उभ्यानं प्रार्थना करतात आणि बसून गातात. आमचं नेमकं उलटं. पहिल्याच प्रार्थनेला दाराकडचे सगळे एकदम उठले आणि खिडकीकडचे आम्ही घसरगुंडीवरून आल्यासारखे खाली. मी थेट आमच्या शिंप्याच्या मांडीत, आणि तेही या वयात! तुमच्याकडच्या सुईणबाई फिस्सकन हसल्या. मग गाणं लागलं, आम्ही उठलो, आणि सुईणबाई दिसेनाशा झाल्या. शिंपी विचारतो, उभं राहिलं की देवाला लवकर ऐकू जातं का? सुईणबाई म्हणाल्या, आणि तुमचं गाणं बसल्यावर घशात अडकतं वाटतं? झालं! पुढच्या रविवारपासून आम्ही शाळेच्या पडवीत जमू, असं म्हणत तुमची माणसं चपला शोधू लागली.

मी उठले, सुईणबाईंजवळ जाऊन म्हटलं, "सरक गं बाई जरा." आणि तुमच्या जाडजूड खाटकाला म्हटलं, "दादा, तू जा माझ्या जागी, तिकडे वजन कमी पडतंय." तो हसत गेला. मग बाकीचेही, एक इकडचा, एक तिकडचा. पुढच्या प्रार्थनेला निम्मे उठले, निम्मे बसून राहिले, बाक जागचं हललं नाही. गाण्याला मात्र खाटीक आणि शिंपी यांच्यात एकच पुस्तक. एक बसलेला, एक उभा, पुस्तकाची नुसती ओढाताण. शेवटच्या कडव्याला शिंपीच मुकाट्यानं खाली बसला.

बाकी क्षेम. एवढ्या लांब यायची दगदग करू नकोस, मी काही वाट बघत नाही.

तुझी थोरली

ता. क. वाट बघत नाही हे खोटं. छप्पर भराभर चढतंय, सुतार मेले कामसू निघाले. येत्या रविवारी माझ्या शेजारी मी कोणाला बसू देणार नाही. प्रार्थनेला उठताना मला कोपरानं ढोस, मीही उठीन.

ता. ता. क. उपासनेनंतर चहा आहे, तेव्हा तुझा तो केक कर, अंडी घालताना हात आखडू नकोस. कोणाच्या हाती पाठवलास तर आल्या पावली परत करीन. स्वतः मांडीवर धरून आण.