पोटात न राहिलेली किल्ली

सोमवार, ९ सप्टेंबर

आलं! एकदाचं काहीतरी आलं! महिनाभर नुसते फसव्या ईमेलचे ढीग उपसत होतो, बूड खुर्चीला चिकटायची वेळ आली होती. आज सकाळी आमच्या सायबरसुरक्षा केंद्राच्या प्रमुख रौशन आपाय (आपाय म्हणजे ताई) दारातूनच ओरडल्या, "उलार, पाय हलवणं बंद कर, काम आलंय!"

काम म्हणजे कुलूप लावणारा व्हायरस. किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान – तिन्हीकडच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदणी कार्यालयांत एकदमच शिरला. सगळ्या फायलींना कुलूप, पडद्यावर खंडणीची धमकी. पोरं जन्मतायत, पण कागदावर नाहीत! आपाय म्हणाल्या, "मरणाऱ्यांनाही निरोप द्या, जरा थांबा म्हणावं."

मी हसत होतो आणि मध्येच थांबलो. किर्गिझस्तानातल्या आमच्या तालुक्याचं कार्यालयही त्यातच! म्हणजे बेगिमाय – माझी धाकटी बहीण. तिची नि जोमार्तची लग्ननोंदणी याच आठवड्यात होती. वीस तारखेला तो कोरियाला चाललाय, कारखान्यात. त्याआधी सही-शिक्का झाला तर तिला मागून बोलावता येईल. नाहीतर तो तिकडे, ही इकडे, लग्न ठरल्यावर सासूने कानात घातलेले डूल सांभाळत वर्षानुवर्षं बसलेली.

नाही बसणार! तिचा भाऊ इथे परदेशात, अस्तानात, काय मेंढ्या वळतो?

(आधी वळायचो. नववीत शाळा सुटली ती सुटली. मग बाजारात फोन दुरुस्ती, लोकांचे अडकलेले फोन उघडून देणं – तिथून घसरत घसरत इथे.)

मंगळवार, १० सप्टेंबर

पठ्ठ्या व्हायरस झोपून राहिलाय! चाचणीच्या संगणकावर सोडला की एक डोळा उघडतो, इकडेतिकडे बघतो, परत झोपतो. त्याला वास येतो – हे घर नाही, सापळा आहे. फोटो नाहीत, गाणी नाहीत, कुणी राहिल्याची खूण नाही.

मग मी घर थाटलं! मेंढ्यांचे फोटो. कुणाच्या तरी खतन्याचा व्हिडिओ. "आईला फोन करणे" असं नाव दिलेली रिकामी फाईल. बटाट्याच्या भावाचा तक्ता. माऊसही इकडून तिकडे फिरवला, आळशी कारकुनासारखा.

उठला! एकेक मेंढी माझ्या डोळ्यांदेखत कुलपात गेली आणि मी टाळ्या पिटतोय! (संगणक बाहेरच्या जगापासून तोडलेला आहे, काळजी नाही.) आपाय म्हणाल्या, "घरात चोर शिरल्यावर नाचणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

बुधवार, ११ सप्टेंबर

दिवसभर सामसे, म्हणजे भट्टीतले मटणाचे समोसे. डोकं चाललं नाही, पोट चाललं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

घड्याळ! घड्याळ! घड्याळ!

त्या दीडशहाण्याने किल्ली बनवायला संगणक सुरू झाल्याची वेळ वापरलीय! ती वेळ कळली की किल्ली आपली. पण घाबरलेल्या कारकुनांनी सगळीकडे संगणक बंद करून परत सुरू केलेत – वेळ पुसली गेली. ती दुसरीकडे कुठे उरलीय का, हे बघायला न विझवलेला एक तरी संगणक हवा.

दुपारी सगळ्या देशांची बैठक, पडद्यावर. ताश्कंदच्या केंद्राचे दिलमुरोद-अका (अका म्हणजे दादा) म्हणाले, "आहे माझ्याकडे. आमच्या एका म्हातारीने बंदच नाही केला. म्हणाली, पाहुणा आत आहे, दिवा कसा मालवू?" सगळी बैठक लोळली! तालिनहून आम्हाला मदत करणाऱ्या मार्गित बाईही हसल्या, आणि त्या म्हणे हसतच नाहीत.

अकांनी त्या संगणकाच्या स्मृतीची पूर्ण नक्कल पाठवली. वर लाल खूण. लाल म्हणजे – बैठकीत ऐकलं, बैठकीतच राहिलं. बायकोला नाही, आईला नाही. कारण खंडणी मागणाऱ्या टोळीला सुगावा लागला तर ते कुलूप तरी बदलतील, नाहीतर अजून त्यांच्या हातात असलेल्या फायली पुसून टाकतील. म्हणून ठरलं – पुढच्या मंगळवारी, सगळे देश एकाच वेळी उघडणार.

आपाय माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "कळलं ना, इनिम?" इनिम म्हणजे धाकटा भाऊ. पण मलाच का?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

उघडलं!!!

नकलेत वेळ सापडली, आणि तीच वेळ कुलूप लागलेल्या प्रत्येक फाईलच्या शेपटीत लपवलेली! म्हणजे कुठलीही फाईल द्या, उघडून देतो! पहिली उघडली ती एका ताश्कंदी बाळाची जन्मनोंद. अकांनी पडद्याला मुका दिला. आपायनी मला पाठीत असा धपका घातला की चहा नाकात गेला.

आणि मग – आता काय लिहू. जिन्यात गेलो. घरी फोन लावला. बेगिमायने उचलला आणि तोंडातून निघूनच गेलं, "सुयुन्चू!"

एवढंच! चांगली बातमी आणणाऱ्याने आधी सुयुन्चू म्हणून भेट मागायची, मग बातमी द्यायची. मी बातमी दिलीच नाही! "कसली, बाइके?" – दादाला ती बाइके म्हणते. "सांगणार नाही. पण पांढरा ड्रेस इस्त्री करून ठेव!" ती काही बोललीच नाही. आनंदाने वाचा बसली असणार! तेवढ्यात आईने फोन हिसकावला, "तालुक्याचं उघडलं का रे?" मी म्हटलं, "आई, मी काही बोललो नाही." ती म्हणाली, "समजलं!" आणि फोन बंद.

शनिवार, १४ सप्टेंबर

मेलो.

आई धावत शेजारणीकडे – "सुयुन्चू!" – डोईचा रुमाल मिळवला. शेजारीण धावत जोमार्तच्या आईकडे – चहाचा पुडा मिळवला. जोमार्तचा काका घोड्यावरून थेट तालुक्याला, नोंदणी कारकुनाच्या घरी, आणि तिथून कोंबडा घेऊन आला! कोंबडा! आणि त्या कारकुनाने आज सकाळी तालुक्याच्या ग्रुपवर टाकलं – सोमवारपासून नोंदणी सुरू, अस्तानात किल्ली सापडली.

आपायनी तो मजकूर माझ्यासमोर मोठ्याने वाचला. सावकाश.

"मी फक्त एकच शब्द –"

"तोच! आमच्याकडे तो शब्द उच्चारला की उरलेलं गाव बोलतं, हे तुला माहीत नव्हतं?"

ओरडायला वेळही नव्हता. मंगळवार गेला चुलीत, आत्ताच्या आत्ता उघडायचं, टोळीने वाचायच्या आधी! दिलमुरोद-अका पुतण्याच्या लग्नात प्लोव, म्हणजे मटणाचा पुलाव, वाढत होते. म्हणाले, "माझी अर्धी माणसं इथेच पंगतीत आहेत, थांब." तेल लागलेल्या हातांनी सगळे कामाला! मागे ढोल चाललाय, अका ओरडतायत, "समरकंद उघडलं! फरगाना उघडलं!" दुशान्बेहून एकजण स्कूटरवरूनच बोलत होता. मी किल्ल्या काढतोय, पाठवतोय, काढतोय, पाठवतोय. देवा, असली मजा मी जन्मात केली नव्हती आणि मला मजा येता कामा नये!

संध्याकाळपर्यंत सगळी कार्यालयं उघडली. एकही फाईल गेली नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

मार्गित बाईंनी कळवलं – टोळीने घड्याळाची चूक सुधारून नवं कुलूप सोडलंय. पुढे जो कुणी सापडेल त्याला आपली किल्ली चालणार नाही. ते माझ्या माथी. खरंच आहे.

दुपारी आपायच्या घरी सगळ्यांना जेवण. मेंढीचं डोकं आलं. कान कापून लहान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. आपायनी एक कान नातवाच्या ताटात टाकला, दुसरा माझ्या. "खा. आणि तो दुसराही तुलाच द्यायला हवा होता." सगळे फिदीफिदी. नोकरी शाबूत आहे असं मी समजतोय. कान चांगला शिजला होता.

सोमवार, १६ सप्टेंबर

आईचा फोन. कार्यालयाबाहेर ही रांग! बेगिमाय-जोमार्तला बुधवारी सकाळी अकराची वेळ मिळालीय. मेंढा ठरला, गाणारा ठरला. जोमार्तची आई म्हणते, उलारच्या नावाने शाल काढून ठेवलीय. मी नोंदणी कार्यालयांचा राजा! दिवसभर शीळ घालत होतो. आपाय म्हणाल्या, "वारा पुरेसा आहे अस्तानात, तू गप्प बस."

मंगळवार, १७ सप्टेंबर

बेगिमायचा फोन. गोठ्यामागून बोलत होती, हळू.

"बाइके, ते कुलूप उघडू नये म्हणून मी रोज दुवा मागत होते. मला त्याच्याबरोबर नाही जायचं. इतके दिवस मला नाही म्हणावं लागलं नाही. संगणकच म्हणत होता."

मी म्हटलं, कुणाशी काही बोलू नकोस, सही करू नकोस, उद्या अकराच्या आत मी येतोय. रात्रीच्या आत बिश्केक, पुढे टॅक्सी. आपायना एवढंच सांगितलं, घरी जातोय.

आईला अजून काही सांगितलेलं नाही.