चिमट्याला गेलेला तडा

१२ जाने., सोम.
शाळेतून येताना सायकलच्या पुढून परत कट्-कट्. तीन दिवस झाले. मला वाटलं मडगार्ड सैल झालंय. मुनीरभाईच्या दुकानात थांबलो. त्याने पुढचं चाक काढलं, चाक धरणारा चिमटा रॉकेलने पुसला, त्यावर बोट फिरवलं आणि मलाही वाकून बघायला लावलं. 
"भाऊ, तडा गेलाय. आज हाय, उद्या न्हाई."
या मापाचा चिमटा आता नगरलाच मिळाला तर मिळेल. शुक्रवारी आणतो म्हणाला. तोवर चालवायची नाही अशी ताकीद.
चालवतच घरी आलो.

१५, गुरु.
सावेडीहून दिनूचा फोन. पोरगं माझं, पण बोलतं बापासारखं. सायकल भंगारात घाला, स्कूटी घेऊन देतो. तड्याचं बोललो नाही. कळलं तर दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात उभा राहील.
अठ्ठावीस वर्षं हिच्यावर बसून सोनईला जाऊन शाळेची घंटा दिली. एक दिवस उशीर नाही. फार जीव आहे माझा हिच्यावर, उगाच कशाला लपवू.

१७, शनि.
सकाळची शाळा, दुपार मोकळी. चिमटा आलाय. पण आज शनिवार. शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, त्यात आमचं गाव शिंगणापूर, देवाच्या पायाशी. कशाला हवंय ते न सांगता सौ.ला नुसतं विचारून बघितलं, आज लोखंड घेतलं तर? तिने ताट बाजूला सारलं.
मुनीरभाई म्हणतो, रविवारी दुकान बंद, सोमवारी सायकल ठेवून जा. सोमवारी शाळेत तपासणी. बघू.

२०, मंगळ.
आज ओढ्याच्या उतारावर मागून भक्तांची गाडी हॉर्न मारत आली. कडेला घेताना चाक खड्ड्यात गेलं आणि हँडल हातात थरथरलं. उतरलो.  पुढे चालत गेलो.
खरी भीती वेगळीच आहे. गावात घरांना दारं नाहीत, मग सायकलला कुलूप कुठलं. ज्याला लागेल तो नेतो आणि आणून लावतो. शेजारची संगीता तर आठवड्यातून दोनदा नेते. कुलूप घातलं तर गावभर होईल, आम्हाला चोर समजतो म्हणून. आणि खरं कारण सांगावं तर संध्याकाळपर्यंत दिनूच्या कानावर.
शेवटी डोकं चालवलं. घरी आलो की पुढच्या चाकातली हवा सोडायची. सकाळी निघताना भरायची.

२२, गुरु.
युक्ती लागू पडली. काल एकजण सायकल न्यायला आला, चाक दाबून बघितलं आणि परत गेला. मी आत बसून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.
तडा वाढलाय. परवा नखाएवढा होता. सोमवारी झेंडावंदन. मंगळवारी नक्की.

२४, शनि.
दुपारी आलो, हवा सोडली, जेवून आडवा झालो. चारला उठलो तर सायकल जागेवर नाही.
सौ. डाळ निवडत बसली होती. म्हणाली, संगीताने नेली, लेकीला मागे बसवून सोनईच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं, हवा नव्हती. तर संगीताने कुठून तरी पंप मागून आणला आणि भरली म्हणे. दादांचं एक काम वाचलं म्हणाली जाताना.
मग सगळं सांगितलं. सौ.च्या हातातलं सूप तसंच राहिलं.
"ठाऊक हुतं तुमाला?"
एवढंच. 
संगीताचा मोबाईल तिच्या घरातच चार्जिंगला लावलेला. ओढ्यापर्यंत पळत गेलो. उतारावर काही दिसलं नाही. शनिवारची गर्दी, गाड्यांमागे गाड्या. आज उसाचे ट्रॅक्टरही. तीन रिक्षावाल्यांना विचारलं. कुणी बघितलं नाही. दम लागला, मागे फिरलो. वाटलं दुसऱ्या वाटेने घरी आली असेल.
आली नव्हती. साडेसहा झाले. डॉक्टर पाचला दवाखाना बंद करतो.
बसवेना म्हणून वही घेतली. लिहिलं की वेळ जातो.
संगीताचा नवरा रानातून आलाय. थेट आत. पायाला चिखल, हातात लेकीसाठी बोरं.
"दादा, अजून कशी आली न्हाई वो ही?"
सौ. माझ्याकडे बघतेय. मी खाली मान घालून लिहितोय. तो उभाच आहे.