रविवारचा आवाज

रविवार, ६ सप्टेंबर १९४२

रतनबाई दूध घालून उठलीच नाही आज. पायरीवर बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "वैनी, जपानच्या पेटीतनं धरलेल्या शिपायांची नावं सांगत्यात म्हनं. आयतवारी, दिवं लागायच्या वक्ताला. केडगावात समद्यांच्या तोंडी हाय. तुमच्याकडं पेटी हाय न्हवं?"

पेटी म्हणजे रेडिओ. आहे. बैठकीच्या खोलीत, वर सासूबाईंनी विणलेला रुमाल. पण त्याचं बटण मामंजींशिवाय कुणी फिरवायचं नाही.

तिचा भीमा पलटणीत शिपाई, आणि हे त्याच पलटणीच्या कोठारावर कारकून. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं. दोन्ही घरी सारखीच तार – बेपत्ता! बेपत्ता म्हणजे नक्की काय, असं सासूबाई मला अजून विचारतात. मला तरी कुठं ठाऊक!

रात्रीची वाट न बघता जेवतानाच मामंजींना विचारलं. ते कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार होते. पेन्शनीत निघाले तरी सरकारचं मीठ त्यांच्या जिभेवर आहेच. ह्यांना नाटकात जायचं होतं – मामंजींनीच शब्द टाकून लष्करात चिकटवलं. घास हातातच ठेवून म्हणाले, "शत्रूचा रेडिओ? माझ्या घरात? तिकडं किल्ल्यात पुढारी आणून कोंडलेत, बोळाबोळातून पोलीस फिरतायत, आणि तुला हे सुचतं?"

पानावरून तसेच उठले.

मंगळवार, ८ सप्टेंबर

सासूबाईंनी एकवेळ जेवायचं धरलं. "माझा रवी येईपर्यंत," म्हणतात. कुणाचं ऐकत नाहीत.

रविवार, १३ सप्टेंबर

कसं लिहू?

सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. दिवेलागणीला मामंजींनी स्वतः उठून खिडक्या लावल्या. मला म्हणाले, "दाराला कडी घाल." बस्स, एवढंच. रेडिओपुढं बसले आणि बटण फिरवत राहिले. खरखर, शिट्ट्या, कुठली तरी परकी गाणी. मी वाती वळत भिंतीशी.

आणि एकदम मराठी!

"तर... मंडळी –"

तो 'तर' लांबवायचा, मध्ये थोडं थांबायचं, मग हसल्यासारखं 'मंडळी'. मेळ्यात हे सूत्रधार व्हायचे तेव्हा हे दोन शब्द ऐकायला गाव लोटायचं. नाव सांगितलं नाही. "मी तुमच्यातलाच एक," म्हणाला. इंग्रजांचं राज्य आता घटकाभराचं, असं काहीबाही बोलला. मग कैद्यांचे निरोप वाचू लागला. मधूनच आवाज बुडायचा, परत वर यायचा.

माझ्या हातातल्या वाती कधी पडल्या कळलं नाही. मामंजींनी रेडिओ बंद केला.

"कुणीतरी अनोळखी आहे," म्हणाले. माझ्याकडं न बघता.

"हो," मी म्हटलं.

मी अंधारातच पडलेल्या वाती वेचल्या. मग म्हणाले, "तुझ्या सासूला कळता कामा नये. तिच्या पोटात राहायचं नाही. बोळात गेलं म्हणजे गावात गेलं."

सोमवार, १४ सप्टेंबर

जिवंत आहेत! जिवंत आहेत!

भाकरी थापता थापता हसू येत होतं. पलीकडं देवापुढं सासूबाई डोळे पुसत होत्या. तोंडावर पदर धरला आणि थापत राहिले. असा आनंद वैऱ्याला न मिळो.

रविवार, २० सप्टेंबर

रतनबाई आज संध्याकाळी परत आली. तिला घालवून द्यायला मामंजींना सुचलं नाही, की धीर झाला नाही – कोण जाणे. सासूबाई देवळात. खिडक्या लावल्या, तिघं बसलो.

तोच आवाज. मी डोळे मिटून घेतले. काय बोलतात त्यापेक्षा श्वास कुठं घेतात तेच ऐकत होते.

निरोप सुरू झाले. कुठला सातारचा, कुठला रत्नागिरीचा. आणि मग – "भीमा, केडगाव, जिल्हा नगर. आईला सांगतो, मी खुशाल आहे. काळजी करू नये."

रतनबाईनं रेडिओपुढं डोकं टेकलं. "जित्तं हाय! माझं पोर जित्तं हाय! वैनी, लई उपकार झालं तुमचं." रडत होती, हसत होती, मामंजींच्या पायांवर पडत होती. मी तिला उठवलं तर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आन् ह्यो सांगनारा, वैनी – आपल्या रवीदादावानीच बोलतोय की!"

मामंजींनी ऐकलं. "बाई, भलतं काय बोलतेस!" असे ओरडले की ती दचकली. "न्हाई न्हाई, वाटलं आपलं," म्हणत गेली.

गुरुवार, २४ सप्टेंबर

रतनबाईनं केडगावात साखर वाटली. साखरेबरोबर सगळंच वाटलं – कुणाच्या घरी ऐकलं, कोण सांगत होतं, कुणासारखं बोलत होतं. तिला दोष कसा देऊ? आनंद झाला, ती बोलली. मला झाला तो मी गिळला, एवढाच फरक.

आज फौजदार आले. एके काळी मामंजींच्या हाताखाली होते. टोपी मांडीवर घेऊन बसले, चहाला हात लावला नाही. "साहेब, तुम्हाला कोण काय म्हणणार? रेडिओचं मी बघतो. पण त्या बोलणाऱ्याचं वरपर्यंत गेलंय. रविवारी सूनबाईंना घेऊन कचेरीत या. त्यांनी फक्त आवाज ऐकायचा."

ते गेल्यावर मामंजी म्हणाले, "ओळखलास तर हे घर जाईल. तुझ्या धाकट्या दिराची परगावची नोकरी जाईल. आणि लढाई संपल्यावर तो हाती लागला की फासावर." थांबले. "मी तुला काही शिकवत नाही, सूनबाई."

शिकवलंच की.

रविवार, २७ सप्टेंबर

सासूबाईंना सांगितलं, डॉक्टरीणबाईंकडं जाऊन येतो. टांगा केला.

सुट्टीची कचेरी. लांबच लांब ओसाड व्हरांडे. आत एक गोरा साहेब, फौजदार, आणि टेबलावर आमच्यापेक्षा मोठा रेडिओ. मला खुर्ची दिली. मामंजी मागं उभे – ज्या कचेरीत लोक त्यांच्यापुढं उभे राहायचे, तिथं!

"तर... मंडळी –"

घरी जीव कानात आणून ऐकायचे. तिथं वाटलं, डोळ्यांना पापण्या दिल्या तशा देवानं कानांना का दिल्या नाहीत! साहेब रेडिओकडं बघतच नव्हता. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी भिंतीवरचा नकाशा धरून बसले. नाशिक, संगमनेर, अकोले, परत नाशिक. तिकडं आवाज म्हणत होता, "घरची माणसं ऐकत असतील. त्यांनी धीर सोडू नये." माझ्यासाठीच म्हणाले ते! फक्त माझ्यासाठी. आणि मी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

फौजदारांनी विचारलं, "वहिनी, ओळखता हा आवाज?"

"नाही."

साहेब काही पुटपुटला. फौजदार म्हणाले, "घाई नाही. अजून ऐका."

"ऐकलं की. माझ्या नवऱ्याचा आवाज मला कळणार नाही? हे ते नव्हेत."

कुठून बळ आलं! वाटलं, सुटले. तेवढ्यात साहेबानं आणखी एक विचारलं, आणि फौजदारांनी खाली बघत ते मराठीत सांगितलं – "मग तुमचे यजमान कुठं आहेत?"

मागून मामंजींचा आवाज आला. "मुलगा गेला. सिंगापुरातच गेला. त्याच्याबरोबरच्या माणसाकडून आम्हाला कळलंय."

साहेबानं माझ्या कपाळाकडं बोट केलं. त्या गोऱ्यालासुद्धा एवढं कळत होतं! फौजदार चाचरले, "पण वहिनींचं कुंकू –"

"घरात अजून सांगितलं नाही. बायको आजारी आहे. आज सांगणार."

साहेबानं कागदावर काही लिहिलं आणि रेडिओ बंद करायला सांगितला. ह्यांचं वाक्य अर्धंच राहिलं.

टांग्यात मी विचारलं, "मामंजी, हे काय केलंत?"

ते घोड्याच्या पाठीकडं बघत म्हणाले, "मेलेल्या माणसाला कुणी फाशी देत नाही."

सोमवार, २८ सप्टेंबर

सासूबाईंचा आक्रोश अख्ख्या बोळानं ऐकला. तो ऐकावा म्हणूनच तर हे सगळं.

बांगड्या शेजारच्या दमयंतीबाईंनी फोडल्या. कुंकू मी पुसलं. आरशात बघून. जिवंत नवऱ्याचं.

संध्याकाळी रतनबाई धावत आली. "वैनी, ह्ये काय करून बसला? त्यो तर बोलतोय की पेटीतनं! आमी दोघींनी ऐकलंया!" बोळातल्या बायका बघत होत्या. मी तिचे दोन्ही हात धरले. "तो दुसराच कुणी आहे, रतनबाई. आपल्याला भास झाला."

तिनं हात सोडवून घेतले. "व्हय," म्हणाली. "तुमी म्हनता तर तसंच आसंल." दूध ओतलं आणि गेली. पाठमोरी रडत होती.

बुधवार, ३० सप्टेंबर

देह नाही म्हणून गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितला. मामंजींनी त्याला अग्नी दिला. येताना वाटेत दोनदा खाली बसले म्हणे.

रेडिओ त्यांनी कचेरीत जमा करून टाकला. बैठकीतल्या टेबलावर आता काही नाही. रुमाल तेवढा तिथं अंथरलेला.

गुरुवार, १४ जानेवारी १९४३

संक्रांत. दमयंतीबाई सासूबाईंना हळदीकुंकवाचं सांगायला आल्या. माझ्याकडं बघून घाईघाईनं म्हणाल्या, "तुलाही तिळगूळ पाठवते हो."

मी सवाष्ण आहे! असं त्यांच्या तोंडावर ओरडावंसं वाटलं. आत जाऊन पिठाच्या डब्यात हात घातला आणि पीठ मुठीत दाबत उभी राहिले.

माहेरहून बाबांचं पत्र आलंय, इकडं ये, शिक, मास्तरीण हो. कशी जाऊ? हे आले तर कुठं येतील?

रविवार, २० जून १९४३

दिवे लागले. आता बोलायला बसले असतील. हवेतून इथं येतही असेल. घ्यायला घरात काही नाही.

रविवार, १६ जुलै १९४४

सासूबाई गेल्या.

सकाळपासून घरघर लागली होती. मामंजी वैद्यांना आणायला गेले होते. मी एकटीच उशाशी. म्हणाल्या, "रवीकडं चालले." मला राहवलं नाही. शब्द दिला होता तो गेला खड्ड्यात! त्यांच्या कानाशी वाकले. "आई, तिकडं नाहीत ते. जिवंत आहेत. मी स्वतः ऐकलंय, रेडिओवर बोलताना."

डोळे उघडले. एकदम स्वच्छ. "कधी?"

"तार आली त्याच वर्षी."

मला वाटलं हसतील.

म्हणाल्या, "मग मला रडू का दिलंत गं?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला, की तो नुसताच पडला, ते आता कधीच कळायचं नाही.

मामंजींना सांगितलं नाही. एक त्यांचं गुपित होतं, आता हे माझं.

बुधवार, १५ ऑगस्ट १९४५

जपान शरण आलं. गावात बँड वाजतोय, शाळांतून मिठाई वाटली.

मामंजी दिवसभर अंथरुणात. मी स्वयंपाक केला, कुणी जेवलं नाही. आता तिकडं धरपकड होईल.

रविवार, ११ नोव्हेंबर

जपानला जाऊन मिळालेल्या शिपायांवर दिल्लीला खटले सुरू झालेत. लोक त्यांच्या नावानं जयजयकार करतात, मिरवणुका काढतात. काल शाळकरी पोरंसुद्धा ओरडत गेली. तीन वर्षांपूर्वी ज्यासाठी मी कपाळ पुसलं, त्याला आज हार घालतायत! मामंजी पेपर मोठ्यानं वाचतात आणि नावांपाशी आले की थांबतात. मग पेपर माझ्याकडं देतात. मी वाचते. नाव नसतं.

आज म्हणाले, "तेव्हा मी चुकलो का, सूनबाई?" आयुष्यात पहिल्यांदा मला काही विचारलं. मी पेपरची घडी करून ठेवली.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

दुपारी हे आले.

नुसता हाडांचा सापळा. एक खांदा वाकडा. दारात उभे राहून माझ्या कपाळाकडं बघत होते. म्हणाले, "विजया, कोण गेलं?"

मामंजी आतून आले ते धडपडतच. पोराला मिठी मारून बोलत सुटले, "घाबरू नकोस, रेडिओवर तू बोललास ते आम्ही कुणाला कळू दिलं नाही रे, हिनं कचेरीत सांगितलं –"

"कसला रेडिओ, बाबा? कुठल्याशा बेटावर दगड फोडत होतो इतकी वर्षं."

मी भिंतीला धरून ऐकत होते. ह्यांचा आवाज. तो रेडिओवरचा ह्याच्यासारखा मुळीच नव्हता.