चौपाटीची रेती कुठं गेली

२० मे
तलावाच्या काठाले रेतीच्या ट्रिपा पडून राहिल्या. आमचे हे सरपंच. म्हणतात, चौपाटी करतो, भंडाऱ्याचे लोक फिराले येतीन. काठाची बेशरमीची झुडपं, गवत, सारं उपटून फेकलं. काहून? त म्हणे घाण दिसते. रेतीही बारीक आणली, पायाले मऊ लागावी म्हणून!

२ ऑगस्ट
तलाव भरला. दुपारून वारा सुटला की लाटा सरळ रेतीवर. पहिले बेशरमीत लाट मरून जाये. आता काठ कापल्यासारखा तुटला. सुशीला (तिचं वावर माह्या वावराले लागून) म्हणे, "माय वं! चौपाटी त पाण्यात चालली."

१९ ऑगस्ट
आणखी रेती टाकली यायनं. तेही गेली. "लाटायले खाऊ घालून राहिले का?" म्हणली मी. रागानं जेवले नाही. नका जेवू.

११ सप्टें.
रेती कुठं जाते ते पाह्यलं. वारा तिरपा, लाट तिरपी. काठाकाठानं सरकत सारी तुडुमाच्या कोपऱ्यात जमली. तिथल्या मोरीतूनच खालच्या वावरायले पाणी सुटते. यायले सांगतलं. "तुले काय समजते वं त्याच्यातलं?"
मले! जलमभर त्याच पाण्यावर धानाचा रोवणा केला मी.

८ ऑक्टो.
पाऊस गेला, धान पोटरीत. आता पाणी नाही भेटलं त नुसता पोचा, दाणा नाही भरत. तुडूम उघडाचा दिवस म्हणून खालच्या वावरायचे सारे पारीवर, तलावाच्या बांधावर, जमले. यायनं नारळ फोडला. मोरीचा डाट काढला त पहिले रेती आली, मंग करंगळीएवढी धार, मंग तेही बंद. सारे माह्याकडं पाहून राहिले. सरपंचीणबाई ना मी! अशी लाज आली, अन् मंग असा राग आला.

रात्री
म्हणतात, दिवाळीले पाहुणे येतीन, उद्या नवी रेती येते.
"अन् धान?"
"आपल्या वावराले मोटार लावून देतो ना."
"अन् सुशीलेच्या?"
यायनं कूस बदलली. या माणसाच्या घरात राहून राहिली मी.

९ ऑक्टो.
सकाळपासून बाया-माणसं घमेल्यानं तुडुमातली रेती उपसून राहिले. सुशीला गळ्याएवढ्या पाण्यात. मी पारीवर, वाटेच्या मधोमध बसली. रेतीचा ट्रक आला. भोंग्यावर भोंगा. ड्रायव्हर म्हणे, "वहिनी, बाजूले व्हा ना."
नाही उठत.
त्याच्या बाजूच्या सीटवर हे बसले हायेत. खाली उतरून नाही राहिले, अन् ट्रक मागं घे असंही म्हणून नाही राहिले.