एक जूनचं वय

मी, शहाजी बिरप्पा बंडगर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, कुणाच्याही दबावाशिवाय, शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मेंदूत कर्करोगाची गाठ असलेल्याच्या शुद्धीचा भरवसा काय, म्हणून डॉ. महेश्वर हिरेमठ यांनी आज मला चौथीची आवडती कविता म्हणायला लावली. चारपैकी तीन कडवी म्हटली. तेवढ्यावर त्यांनी दाखला दिला. चौथं कडवं कुठं गेलं, मलाच ठाऊक नाही.

१. घर व बँकेतली शिल्लक कन्या ऋतुजा हिला. खिडकीजवळची खुर्ची मात्र विकू नये. तिथं बसून तिची आई माझ्या कविता ऐकायची आणि ऐकता ऐकता झोपायची.

२. जुनी क्रमिक पुस्तकं नात राजनंदिनीला. समासातलं माझं अक्षर खोडू नये.

३. सांगोल्याच्या जमिनीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ बिरुदेव याला. जानेवारीपासून मी त्याच्याशी बोललेलो नाही, त्याचं कारणही लिहितो. शाळेत घातलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, मेंढरांमागून आलेला. मास्तरांनी सहाचा धरून एक जून १९५७ ही जन्मतारीख लावली, सगळ्यांना लावायचे तशी. पुढं त्यामुळं नोकरी चार वर्षं जास्त झाली. मी गप्प राहिलो. जानेवारीत दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावरचं अडुसष्ट वय धरून सांगितलं, साधारण सव्वा वर्ष. सत्तरीपुढच्यांना मात्र निम्मंच. ऋतुजाच्या जिवात जरा जीव आला. बाहेर आल्यावर बिरुदेव मला हळूच म्हणाला, "आण्णा, खरं वय सांग की. पोरीला कशाला फसवतूस?" मी त्याला घालवून दिलं. त्याचंच बरोबर होतं. मला बहात्तर पूर्ण झाली आहेत.

४. आज हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कागदावरचं अडुसष्ट खोडून बहात्तर केलं. मग म्हणाले, "गुरुजी, दिवाळी धरू नका." ऋतुजा तिकडं नागपुरात दिवाळीसाठी रजा साठवते आहे.

५. म्हणून हे मृत्युपत्र माझ्यामागे उघडायचं नाही. शेजारी गुरप्पा कोरे यांनी आजच फोनवर ते ऋतुजाला वाचून दाखवावं. माझ्या तोंडून ते निघणार नाही. ऋतू, रजा आत्ताच टाक. राजनंदिनीला घेऊन ये. तिची परीक्षा बुडाली तरी चालेल, हे शिक्षक म्हणून लिहून देतो. तीन कडवी अजून आहेत.

आम्हां दोघांसमक्ष सही केली:
१. गुरप्पा चनमल्लप्पा कोरे
२. डॉ. महेश्वर हिरेमठ

सही: शहाजी बिरप्पा बंडगर
वय: ७२, खरं
सोलापूर, ९ एप्रिल २०२६